तात्यांना भात वाढू नका

सदातात्या वायरमन मरतात, हे त्या वर्षी महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि एकालाही ते कबूल नव्हतं.

आता तात्या काही हाडामांसाचे नव्हेत, बरं का. ‘लाईट आली’ नावाच्या खेळातलं ते एक पात्र. पण चष्मा डोळ्यांवर चढवला की तात्या थेट तुमच्या घरात हजर. तुमच्याच उंबऱ्याबाहेर चपला काढणार, तुमच्याच खुर्चीवर टेकणार. कानामागं टेस्टर खोचलेला, खांद्यावर वायरचं भेंडोळं. "काय बाई, फ्यूज उडालाय का डोस्कं?" असं विचारून स्वतःच हसणार. खेळणाऱ्यानं व्हायचं खेड्यात नव्यानं बदलून आलेला मास्तर नाहीतर बाई. आठ प्रकरणं तात्या तुम्हाला गाव दाखवतात, पंखा दुरुस्त करून देतात, भांडणं मिटवतात, तुमच्या हातचा कसलाही चहा गोड मानून घेतात. नवव्या प्रकरणात वादळाची संध्याकाळ येते आणि गावच्या दवाखान्याची लाईट जाते. तिथं काचेच्या पेटीत, उबेला ठेवलेलं दोन दिवसांचं बाळ असतं. दवाखान्यातली सिस्टर तात्यांना बोलवायला येते. तात्या विजेच्या डांबावर चढतात, लाईट येते, आणि तात्या काही जिवंत खाली येत नाहीत.

लोकांनी काय काय म्हणून केलं नाही! कुणी त्यांची पक्कड लपवली, तर तात्या शेजाऱ्याची घेऊन गेले. कुणी सायकलची हवा सोडली, तर चालत गेले. जळगावच्या एका डॉक्टरनं चहातून जमालगोटा दिला, तर तात्या पोट धरून, शिव्या घालत, पण गेलेच. एकानं त्यांना कडी लावून न्हाणीघरात कोंडलं, तर तात्या कौलं काढून निघाले आणि जाताना म्हणाले, "मास्तर, कौलं पुन्हा बसवून घ्या, पाऊस आत येईल." हे ऐकून तो माणूस तीन दिवस कामावर गेला नाही म्हणे.

राग मग कुणावर निघणार? लिहिणाऱ्या बाईवर. अनुजा बाबर हे नाव खेळाच्या शेवटी येत असे. तिला रोज शेकड्यानं पत्रं यायची. कुणी विनवण्या करायचं, कुणी तळतळाट द्यायचं. अकोल्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "ताई, तुम्हाला वडील असते तर तुमच्या हातून असं लिहवलंच नसतं." सगळ्या पत्रांना चार ओळींचं तरी उत्तर पाठवणाऱ्या अनुजानं त्या पत्राला मात्र उत्तर दिलं नाही.

तिला वडील होते. निवृत्ती बाबर, वायरमन. अठरा वर्षांपूर्वी एका वादळात दवाखान्याची लाईन जोडताना गेले. कुणाच्या तरी घरच्या जनरेटरचा करंट उलटा लाईनवर आला, एवढंच पुढं कळलं. अनुजा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं तात्यांचं नाक बदललं, नाव बदललं, मिशा काढून टाकल्या, आणि हे कुणालाही सांगितलं नाही. आईला तर नाहीच. शालनबाईंना आधीच काय कमी सोसावं लागलं, तिला कशाला खपली काढायला लावा, असा तिचा हिशेब.

*

मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका सतारमेकरच्या दुकानावर त्यांची कचेरी होती. खाली दिवसभर तारा जुळवल्याचा आवाज, वर अनुजा आणि इरफान मुल्ला. गोष्ट अनुजाची, यंत्राचा मेंदू इरफानचा. दोघं कॉलेजपासूनचे भागीदार आणि भांडखोर.

एका सकाळी इरफान चहाचा कप हातात विसरूनच तिच्या टेबलाशी आला.

"अनू, एका घरात तात्या जिवंत आहेत."

"आठव्या प्रकरणात सगळीकडेच जिवंत असतात. झोप नाही का झाली?"

"नवव्यात. सिस्टर येऊन दारात उभी आहे, वादळ सुटलंय, बाळाच्या पेटीची बॅटरी लाल झालीये. आणि तात्या जेवतायत. एक्केचाळीस दिवस झाले."

अनुजा आधी हसली. मग तिनं पडद्यावर बघितलं आणि तिचं हसू गेलं.

इथं जरा थांबून यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पूर्वीच्या खेळांत पात्रांची वाक्यं ठरलेली असत. तात्यांचं तसं नव्हतं. प्रत्येक चष्म्यात तात्यांचा एक छोटा शिकणारा मेंदू असे. तुम्ही काय बोलता, कसं वागवता, ते तो लक्षात ठेवी, त्यावरून तात्या तुमच्या घरापुरते बदलत जात. नाशिकचे तात्या थोडे तिखट, तर एखाद्या एकट्या म्हाताऱ्याच्या घरातले तात्या जरा जास्त वेळ बसणारे. चष्म्याला तुमचं खरं घर दिसे, खरं ताट दिसे, ताटात काय वाढलंय तेही ओळखता येई. तुम्ही खरोखरीची भाकरी वाढली की चष्म्यातून तात्या ती मोडून खाताना दिसत. चष्मा काढला की तात्या होते तिथं थांबत आणि भाकरी ताटात तशीच असे.

एवढी मोकळीक दिली तर गोष्ट भरकटणारच. म्हणून अनुजानं गोष्टीला काही खुंट्या मारल्या होत्या. मधे तुम्ही काहीही करा, खुंटीपाशी गोष्ट येणारच. सिस्टरचं बोलावणं ही खुंटी होती आणि डांब ही शेवटची.

पण खुंट्यांच्याही वर एक थर होता. त्याला इरफान ‘रीतभात’ म्हणायचा. पात्रांनी आपल्या माणसांसारखं वागावं म्हणून दोघांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी रेकॉर्ड करून यंत्राला शिकवली होती. त्यातला पहिला नियम अनुजानं हट्टानं सगळ्यांत वर ठेवला होता: भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये. "आणि घरात साप निघाला तर?" असं इरफाननं एका आजोबांना मुद्दाम विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, "थांबंल की साप."

दुसऱ्या कुठल्या देशातला इंजिनियर असता तर त्यानं विचारलं असतं की पाहुण्याला आग्रह जास्तीत जास्त किती वेळा करायचा? तीनदा? पाचदा? आकडा टाका. या दोघांना तो प्रश्न सुचलाच नाही. आग्रहाला कुठं आकडा असतो का?

"पण तात्यांचं जेवण आठ वाजता आहे," अनुजा म्हणाली. "सिस्टर सातला येते. पाचला ते चहाला येतात. जेवायला वाढणार कोण त्यांना?"

"या माणसानं पाचला चहा दिलाच नाही. ताट वाढलं. मग सिस्टर आली, तिला नियम आडवा आला. ती म्हणाली, ‘जेवू द्या, मी थांबते.’ तेव्हापासून आग्रह चालू आहे. तात्या ‘बास’ म्हणतात, हा वाढतो. तात्यांना नाही म्हणता येत नाही. काय काय वाढलंय बघ तरी. हुलग्याचं माडगं, करडईची भाजी, येसर आमटी... आणि हे एक यंत्राला ओळखूच येत नाही. रोज लिहितंय, ‘अनोळखी पदार्थ: उघडी भाकरी.’ उघडी भाकरी म्हणजे काय असतं गं?"

अनुजाला ठाऊक होतं. गरम भाकरीचा वरचा पापुद्रा सुरीनं सोडवायचा, आत तेल आणि काळं तिखट भरायचं, पापुद्रा उघडाच ठेवायचा. असं रोज फक्त एक माणूस खायचा आणि त्याला तसं करून देणारं माणूस एकच होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "असेल काहीतरी."

कराडला एकट्या राहणाऱ्या आईला तिनंच तो चष्मा दिला होता, डॉक्टरांशी बोलायला.

*

ही गोष्ट आतल्या आत ठेवायची असं दोघांनी ठरवलं, म्हणजे ती दुपारपर्यंत गावभर झाली. आठवडाभरात तात्यांना पाच वाजता ताट वाढणारी दोन लाख घरं झाली. नागपूरच्या एकानं मटण रांधलं, मालवणच्या बाईंनी सुरमई तळली, पुण्याच्या एका गृहस्थांनी विकतची पोळीभाजी आणून वाढली आणि लोकांकडून भरपूर बोलून घेतलं. काहींचे तात्या मात्र पहिल्याच दिवशी उठून गेले. का, ते शोधता शोधता लोकांच्या ध्यानात आलं की त्या घरांतून भात वाढला गेला होता. बरोबरच आहे. भाकरी, कालवण, पुन्हा भाकरी, आणि शेवटी ताकभात. मागचा भात झाला की जेवण संपलं, हे यंत्रालाही शिकवलेलं होतं. झालं! भिंतींवर, रिक्षांच्या मागं, पोरांच्या सदऱ्यांवर एकच वाक्य दिसायला लागलं: तात्यांना भात वाढू नका.

खेळाला भांडवल देणारी मंडळी पुण्याची. त्यांना यातलं कौतुक कळेना. दहावं प्रकरण तयार होऊन पडलंय आणि दोन लाख माणसं एका जेवणावर अडून बसलीयत! त्यांचा निरोप आला: सोमवारी नियम काढा, सिस्टरला तात्यांचा हात धरून उठवू द्या.

"दोन ओळींचं काम आहे," इरफान खाली मान घालून म्हणाला. "मला करावंसं वाटत नाही. पण पोटाचा प्रश्न आहे, आणि फक्त आपल्या दोघांच्या नाही. शेवटचा शब्द तुझा. गोष्ट तुझी आहे."

शनिवारी सकाळी अनुजानं कराडची एसटी धरली.

*

घराचं दार उघडं होतं. शालनबाई स्वयंपाकघरात पाटासमोर बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, हातात भाकरी. समोर भिंतीशी दुसरा पाट, त्यापुढं वाढलेलं ताट, आणि पाटावर कुणी नाही.

"आलीस व्हय," त्या मान न वळवता म्हणाल्या. "हातपाय धू. दुसरा चष्मा फळीवर हाय, भिशीतल्या रंजीचा आणून ठेवलाय. मला वाटलंच तू येशील."

"आई, तुला कधीपासून..."

"पहिल्या दिवसापासनं. टेस्टर कानामागं खोचून डांबाला दोन टिचक्या मारल्यान् त्यानं आन् माझ्या हातनं दुधाचं भांडं पडलं. तुला काय वाटलं, नाक सरळ केलंस म्हंजे आईला कळायचं न्हाई?"

अनुजानं चष्मा लावला. खिडकीबाहेर काळं आभाळ उतरलं, वारा घोंगावायला लागला. दारात छत्री मिटून सिस्टर उभी होती. तिच्यासाठी आईनं स्टूल ठेवलेलं होतं. आणि पाटावर मांडी घालून तात्या. अनुजानंच लिहिलेले तात्या. पण अंग पुढं झुकवून, डावा हात गुडघ्यावर ठेवून जेवायची ती तऱ्हा तिच्या वडिलांची, अण्णांची होती.

"ही कोण गं, कारभारीण?" तात्यांनी विचारलं.

"माझी पोरगी. मिरजंला असती."

"मग बस की पोरी जेवायला. उभी काय ऱ्हायलीस पाहुण्यागत?"

कारभारीण हा शब्द अनुजानं लिहिला नव्हता. अण्णा आईला तशी हाक मारायचे.

"तू शिकवलंस त्याला?"

"बाई बाई म्हणायला लागलं तर मला कसंतरी व्हायचं. म्हटलं, कारभारीण म्हणा. दुसऱ्या दिवशीपासनं म्हणतंय बिचारं." शालनबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "आन् हे बघ, मी काय येडी झाले न्हाई. हे ते न्हाईत, मला कळतंय. चष्मा काढला की भाकरी तिथंच असती, मग मी ती गाईला घालते."

"मग कशासाठी, आई?"

शालनबाईंनी आधी तात्यांच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. तात्या "बास, बास" म्हणत राहिले आणि खायला लागले. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी तुझ्या मामाचा साखरपुडा हुता. येतो म्हणून कबूल करून यांनी ड्युटी घेतली. मी रुसले. ताट वाढलं आन् पाठ करून बसले. बोलले न्हाई, आणखी घ्या म्हटलं न्हाई. फोन वाजला. यांनी माझ्याकडं बघितलं. मी बघितलं न्हाई. उठून गेले. अर्धी भाकरी ताटात हुती, अनू."

अठरा वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं.

"ती अर्धी भाकरी मी टाकली न्हाई, गाईला बी घातली न्हाई. तिसऱ्या दिवशी घर मोकळं झालं तवा मीच खाल्ली. वाळून कडक झालती. एकटीनं पाण्यात बुडवून खाल्ली."

अनुजा आईजवळ सरकली. तिनं आईचा हात धरला. हाताला पिठाचा वास होता.

"मला सारखं वाटतं, मी नुसतं ‘आणखी घ्या’ म्हटलं असतं तर दहा मिंटं थांबले असते. दहा मिंटांत काय बी झालं असतं. त्या जनरेटरवाल्यानं तो बंद केला असता. ते बाळ वाचलं, चांगलं झालं, मी त्याला कधी वाईट म्हटलं न्हाई. पन मनात यायचं ते यायचंच. आन् आता रंजी सांगती, सोमवारी तुमची कंपनी त्यांना ताटावरनं उठवणार." शालनबाईंनी दुसऱ्या हातानं समोरच्या ताटाची कड धरली. "मारायचं तर मार, बाई, तुझी गोष्ट हाय. पन ताटावरनं उठवू नकोस त्यांला. एकदा झालं तेवढं पुरे झालं."

अनुजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तिला आता कळत होतं की तो नियम आपण हट्टानं सगळ्यांच्या वर का ठेवला होता, आणि सिस्टरला जेवणाच्या आधी का आणलं होतं. त्या संध्याकाळी तिनंही पाहिलेलं ते अर्धं ताट आपल्या हातानं लिहायची तिची छाती झाली नव्हती.

तिनं पुन्हा चष्मा लावला. तात्या घास तोंडाशी नेत होते आणि प्रत्येक घासाला त्यांची नजर दाराकडं जात होती.

"कारभारीण," ते हळूच म्हणाले, "सिस्टर कवाची उभी हाय. पोर काचंत हाय म्हनं."

"गप जेवा," शालनबाई म्हणाल्या. तात्या गप जेवायला लागले, पण नजर काही दारावरून हटली नाही.

*

अंगणात येऊन अनुजानं इरफानला फोन लावला.

"सोमवारी काहीही काढायचं नाही. ताटावरून कुणाला उठवायचं नाही."

"आणि पुणेकर?"

"त्यांना सांग, मार्ग आधीपासून खेळात आहे. भात. ज्याचा त्यानं, ज्याच्या त्याच्या हातानं, मन तयार होईल तेव्हा वाढायचा. आपण कोण उठवणारे?"

इरफाननं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "अनू, त्या कराडच्या घरात कोण राहतं ते मला परवाच कळलं होतं. ‘उघडी भाकरी’ तू मला कॉलेजात एकदा डब्यातून खायला घातली होतीस; मलाही उशिरानंच आठवलं. तू सांगशील म्हणून थांबलो."

"मेल्या!" अनुजा म्हणाली आणि रडता रडता हसली.

रविवारी तिनं खेळणाऱ्या सगळ्यांना पत्र लिहिलं. लांबलचक नव्हतं. "तात्या माझ्या वडिलांवरून लिहिलेत. ते वादळात गेले, अर्ध्या ताटावरून. त्यांचं जाणं मला बदलता येत नाही. म्हणून खेळातही ते बदललं नाही. पण तुम्ही एक गोष्ट शोधून काढलीत, जी मला सुचली नव्हती. तात्यांना वाचवता येत नाही, पोटभर जेवू घालता येतं. कितीही दिवस घाला. कुणी मधे उठवणार नाही. भात तुमच्या हातात आहे."

पुण्याची मंडळी धुसफुसली, मग आकडे बघून गप्प बसली. पहिल्या दिवशी कुणीच भात वाढला नाही. दुसऱ्या दिवशी त्या जळगावच्या डॉक्टरनं वाढला, आणि जमालगोट्याबद्दल तात्यांची माफी मागितली. मग रोज थोडी थोडी घरं. काहींनी शेजाऱ्यांना बोलावून पंगत केली. अकोल्याच्या बाईंचं पुन्हा पत्र आलं. त्यात एवढंच होतं, "ताई, मला क्षमा करा. आज साजूक तूप घातलं भातावर." या वेळी अनुजानं उत्तर दिलं.

कराडच्या घरात मात्र भाकऱ्याच चालू होत्या. अनुजानं विचारलं नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी फोन आला. "अनू, मोकळी असशील तर ये," शालनबाई म्हणाल्या. "आज भात लावते."

*

इंद्रायणी तांदळाचा वास अंगणापर्यंत येत होता. शालनबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि वर त्या चिडलेल्याही होत्या, कारण अनुजाच्या एसटीला उशीर झाला होता. "माणूस ताटकळलं की इथं," असं त्या म्हणाल्या. कुठलं माणूस ते सांगायची गरज नव्हती.

दोघींनी चष्मे लावले. वादळ, दार, सिस्टर, तात्या. शालनबाई या वेळी पाठ करून नाही, अगदी समोर बसल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "एक इचारू?"

"इचार की."

"समजा, मी तुमच्यावर रुसले. वाढलं आन् पाठ फिरवून बसले. आन् तवाच बोलावणं आलं. मी त्या वक्ताला आणखी घ्या म्हटलं असतं, तर थांबला असता?"

याचं उत्तर तिनं कुठंही लिहिलेलं नव्हतं. हा मेंदू सत्तरएक दिवस या एकाच बाईसमोर जेवत होता, आणि आता जे बोलेल ते त्या दोघांमधलंच असणार होतं.

तात्यांनी घास खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

"थांबलो असतो की," ते म्हणाले. "तुझा आग्रह मोडतो व्हय मी? एक भाकरी जास्त खाल्ली असती." मग दाराकडं बघून म्हणाले, "मग गेलो असतो."

शालनबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. आणि एकदम हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या. "बघ गं अनू! अगदी असंच बोलले असते! एक भाकरी खाऊन गेलेच असते, मेलं ते लाईटीचं येड!" हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडताच त्यांनी भाताचं पातेलं पुढं ओढलं.

"आन् रुसली हुतीस म्हंतीस," तात्या म्हणाले, "ती कशापायी?"

"सोडा आता. भात घ्या."

त्यांनी भात वाढला. वर ताक, कडेला मीठ, लिंबाच्या लोणच्याची फोड. तात्यांनी भात कालवला, भुरका मारत सगळा संपवला. ताट बोटानं निपटून घेतलं, तांब्यातलं पाणी ओतून ताटातच हात धुतला आणि ढेकर दिला.

"अन्नदाता सुखी भव," ते म्हणाले. "पोट भरलं बघ. आता डांबावर वारं काय करतंय?"

उठताना त्यांनी टेस्टर कानामागं खोचला. दारातल्या सिस्टरला म्हणाले, "चला बाई, लई थांबवलं तुम्हाला." उंबऱ्यावर चपला घालताना एकदा मागं वळून बघितलं. शालनबाई त्यांच्याकडंच बघत होत्या.

"नीट जावा," त्या म्हणाल्या.

मायलेकी खिडकीशी उभ्या राहिल्या. अंधारात डांबावर बॅटरीचा ठिपका चढत गेला. वीज चमकली. मग दवाखान्याच्या खिडक्या उजळल्या, सगळ्या गावातून "लाईट आली!" असा ओरडा उठला, आणि त्याच्या मागून एका तान्ह्या पोराचं रडू ऐकू आलं. डांबावरचा ठिपका दिसेनासा झाला होता. शालनबाईंनी अनुजाचं मनगट घट्ट धरलं आणि ते रडू थांबेपर्यंत सोडलं नाही.

मग त्यांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर दुपारचं ऊन होतं, शेजारच्यांच्या कोंबड्या अंगणात आल्या होत्या. पाटासमोर ताट तसंच होतं. ताकभाताचा ढीग, मिठाची चिमूट, लोणच्याची फोड, काहीसुद्धा हललं नव्हतं.

अनुजा ताट उचलायला वाकली. "गाईला घालू?"

"नको," शालनबाई म्हणाल्या. त्या पुन्हा पाटावर बसल्या, ताट मधे ओढलं आणि भाताची बोटानं बरोब्बर दोन वाटण्या केल्या. "बस इथं समोर. ह्या वेळेला मला एकटीला खायचं न्हाई."

अनुजा समोर बसली. एकाच ताटातून दोघी जेवायला लागल्या. तिचा भाग निम्मा झाला असेल-नसेल, तोच शालनबाईंनी पातेल्यातला डाव भरून पुढं केला.

"बास आई, पोट भरलं."

"गप," शालनबाई म्हणाल्या. "आणखी घे."